मत नसलेल्या मुलखातला मास्तर

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सकाळी नऊच्या सुमारास कधी गेला असाल, तर केसपेपरच्या खिडकीपुढची रांग तुम्ही पाहिली असेल. केजहून, धारूरहून, परळीहून आलेली माणसे. कुणाच्या कडेवर तापाने फणफणलेले पोर, कुणाच्या हातात एक्सरेचे मोठे पाकीट. कुठे आलात म्हणून विचारले, तर निम्मे लोक तीन इंग्रजी अक्षरे सांगतात, एसआरटी. ही अक्षरे कुणाची, हे विचारण्याची ती वेळ नसते आणि जागाही नसते. पण नावाचे असेच होते. माणसाचे नाव एकदा पाटीवर गेले की त्याचे चरित्र लोकांच्या बोलण्यातून हळूहळू निघून जाते.

ती अक्षरे स्वामी रामानंद तीर्थ यांची. नांदेडच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून दर वर्षी १७ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. भगव्या कफनीतला तो सडसडीत संन्यासी आपल्याला ओळखीचा वाटतो. परंतु हा माणूस तीन वर्षे आपल्या अंबाजोगाईत शाळेचा मुख्याध्यापक होता आणि राजकारणाची उडी त्याने येथूनच घेतली, हे सांगितले की आजची मुले चकित होतात. मला त्याहूनही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या मुलखात मत द्यायला मतपेटीच नव्हती, त्या मुलखात या माणसाने लोकांना मताची किंमत शिकवली. आणि खोट्या मताची पेटी पुढे आली, तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवायलाही शिकवले. त्यासाठी त्याने काय मोजले, तो हिशेब आज मांडावासा वाटतो. हिशेब हा माझा जुना धंदाच आहे.

त्याचे निमित्तही बँकेतलेच. नोकरीच्या मधल्या काळात मी काही वर्षे बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्यसैनिकांचे पेन्शन न्यायला म्हातारी मंडळी येत. त्यांत आष्टीकडचे एक काका होते. पैसे मोजून झाले की माझ्या टेबलासमोर बसत, अर्धा कप चहा घेत. बोलता बोलता एकदा त्यांनी सांगितले की, १९३७ साली त्यांच्या मामांनी मत दिले होते, पण वडिलांना मत नव्हते. मामा जामखेडचे, वडील आष्टीचे. मधले अंतर बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेचे. दोघेही शेतकरी, दोघांची जमीन जवळपास सारखी. मामांचे गाव इंग्रजी हद्दीत होते आणि वडिलांचे मोगलाईत. फरक एवढाच, आणि तो सगळा फरक होता.

मोगलाई हा शब्द आता आपण दांडगाईच्या अर्थाने वापरतो. आपल्या आजोबांच्या तोंडी तो सरळ भूगोलाचा शब्द होता. निजामाचे राज्य ते मोगलाई. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानच्या सोळा जिल्ह्यांपैकी एक. १९३१ च्या शिरगणतीत या संस्थानची वस्ती सुमारे एक कोटी ४४ लाख भरली होती. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे लोक बहुसंख्येने. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. नाणेही वेगळे. इंग्रजी हद्दीत कलदार रुपया आणि येथे हाली. शंभर कलदार रुपयांना सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. जामखेडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाला हे गणित तोंडपाठ असे. मताच्या बाबतीत मात्र कसलाही भाव नव्हता, कारण या बाजूला ते नाणेच पाडलेले नव्हते.

पलीकडे काय चालले होते ते थोडे पाहिले पाहिजे. १९१९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात कौन्सिलच्या निवडणुका सुरू झाल्या. मत फार थोड्यांना होते, परंतु होते. स्वराज्य पक्ष आला, ब्राह्मणेतर पक्ष आला, गावोगाव सभा होऊ लागल्या. पुढे १९३५ चा कायदा झाला आणि १९३७ च्या आरंभी प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे तीन कोटी मतदार होते. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी लावून काढलेला हा आकडा. तरीही मुंबई प्रांताच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला जन्मून वर्षही झाले नव्हते. त्याचे डझनभराहून अधिक उमेदवार निवडून आले. जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नगर जिल्ह्यातला शेतकरी आपल्या माणसाला मुंबईत पाठवून सावकारी आणि शेतसाऱ्यावर प्रश्न विचारायला लावू शकत होता.

अलीकडे, म्हणजे आष्टी, पाटोदा, गेवराईच्या बाजूला, सभा भरवायची तरी आधी सरकारची परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या नावाने ओळखला जाणारा हुकूम त्यासाठी होता. खासगी शाळा काढायची तरी परवानगी, आखाडा काढायचा तरी परवानगी. १८९३ पासून हैदराबादेत एक विधिमंडळ होते खरे, पण त्यात अधिकाऱ्यांचा भरणा. निवडून येणारे मोजके, आणि त्यांना निवडणारे जहागीरदार आणि वकील. बीडच्या कुणब्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अशा मुलखात स्वामीजी आले ते बाहेरून. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. शाळेचे दिवस सोलापुरात गेले. १९२० साली लोकमान्य टिळक गेले आणि पाठोपाठ गांधीजींची असहकाराची हाक आली. वयाच्या सतराव्या वर्षी या मुलाने सरकारी शाळा सोडली, आणि आयुष्यभर अविवाहित राहून देशाचे काम करायचे ठरवले. त्या काळात असा निश्चय अनेक तरुणांनी केला. थोड्यांनी तो पाळला. पाळणाऱ्यांपैकी हे एक.

पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि तेथे प्रबंधासाठी जो विषय घेतला तो होता लोकशाहीचा विकास. या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते. लोकशाही कशी वाढत गेली याचा अभ्यास करणारा हा तरुण पुढे अशा राज्यात येऊन पडणार होता, जेथे तिचा अंकुरही नव्हता. मधल्या काळात त्यांनी मजूर पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. कामगारांच्या चाळी, त्यांचे संप, त्यांच्या मागण्यांचे अर्ज हे सगळे जवळून पाहिले. संघटना म्हणजे चार भाषणे नव्हेत. सभासदांची यादी, वर्गणीची पावती, बैठकीचे इतिवृत्त ही सारी किचकट कामे म्हणजे संघटना, हे ते तेथे शिकले असणार. कारण नंतरच्या त्यांच्या कामात ही शिस्त सर्वत्र दिसते.

मग प्रकृतीने दगा दिला. मोठे आजारपण आले. त्यातून उठल्यावर १९२९ साली ते तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा या खेड्यातल्या राष्ट्रीय शाळेत आले. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये ही शाळा काढली होती. निजामाच्या हद्दीत, आडगावात, सरकारी मदतीवाचून चालवलेली शाळा. तेथील वर्षांतच खेडगीकरांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला माणूस हिमालयाकडे जातो अशी आपली समजूत. हा संन्यासी फळ्याकडे वळला आणि खडू हातात घेऊन मुलांना इंग्रजी शिकवू लागला.

१९३५ साली ते हिप्परग्याहून अंबाजोगाईला आले. सरकारी दप्तरात गावाचे नाव मोमिनाबाद. एके काळी येथे हैदराबादच्या घोडदळाची छावणी होती. लोकांच्या लेखी मात्र गाव योगेश्वरीचे, मुकुंदराजांचे, दासोपंतांचे. ज्या गावात मराठी कवितेचा आरंभ झाला असे आपण मानतो, त्या गावात मराठीतून शिकवणारी शाळा टिकवणे हीच त्या काळी एक चळवळ होती. योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद स्वामीजींनी स्वीकारले आणि १९३८ पर्यंत ते सांभाळले.

या तीन वर्षांविषयी मोठे प्रसंग सांगण्यासारखे फार नाहीत, आणि मला तेच बरे वाटते. शाळा चालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात प्रसंग कमी आणि तास जास्त असतात. फी न आलेली मुले, पगार थकलेले शिक्षक, तपासणीला येणारा सरकारी अधिकारी आणि त्याच्यापुढे ठेवायची कागदपत्रे. परंतु याच काळात या शाळेच्या आवारात शिकलेल्या मुलांपैकी कितीतरी जण पुढे चळवळीत गेले. मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक खासगी शाळेची हीच कथा आहे. जेथे पक्ष काढता येत नाही, तेथे शाळा, ग्रंथालय आणि गणेशोत्सव हेच पक्षाचे काम करतात. सरकारलाही हे कळत होते, म्हणून तर शाळांवर एवढा डोळा होता.

आता त्या काळच्या पक्षांची गोष्ट. हैदराबाद संस्थानात राजकीय जागृती आली ती भाषांच्या वाटेने. तेलुगू लोकांनी १९३० मध्ये जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरवले. कानडी भागात कर्नाटक परिषद उभी राहिली. मराठी माणसे थोडी मागे होती. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. वर्ष तेच, जामखेडच्या मामांनी मत दिले ते. हद्दीच्या पलीकडे मतपेट्या उघडल्या गेल्या, आणि अलीकडे माणसे प्रथमच एका मांडवात बसून ठराव लिहू लागली.

या परिषदांना आज कोणी प्रादेशिक पक्ष म्हणेल. त्या निवडणूक लढवत नव्हत्या, कारण निवडणूकच नव्हती. तरीही पक्षाची बाकी सारी कामे त्या करत होत्या. प्रतिनिधी निवडायचे, अध्यक्ष निवडायचा, ठरावावर चर्चा करायची, हात वर करून मते मोजायची. माझ्या मते मराठवाड्यातल्या माणसाने पहिले मत सरकारी पेटीत टाकलेच नाही. ते त्याने परिषदेच्या मांडवात, सतरंजीवर बसून, हात वर करून दिले. १९३८ मध्ये लातूरला दुसरे अधिवेशन झाले. तेथे स्वामीजी परिषदेचे सरचिटणीस झाले.

आणि त्यांनी शाळा सोडली.

या एका वाक्यामागे काय असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण मीही एका पगाराच्या नोकरीत उभे आयुष्य काढले. संन्याशाला पगाराचा मोह नसतो हे मान्य. पण शाळेचा असतो. वर्गात बसलेल्या मुलांचा असतो. मुख्याध्यापक राजकारणात गेला तर शाळेची मान्यता धोक्यात, राजकारण सोडले तर ज्या मुलांना शिकवले त्यांचे पुढे काय, असा हा पेच होता. त्यांनी खुर्ची सोडली आणि शाळा राहू दिली. योगेश्वरी संस्था आजही अंबाजोगाईत उभी आहे. त्या निर्णयाचे मोल करायचे तर ते येथून सुरू करावे लागेल.

पुढचे सहा महिने घाईचे होते. तिन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांना एकत्र आणणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचे ठरले. मागणी एकच, जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे राजा राहो, पण मंत्र्यांनी लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर दिले पाहिजे. सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये, संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, तिच्यावर बंदी घातली. काँग्रेस या शब्दालाच आक्षेप होता. मूल होण्याआधीच त्याच्या मृत्यूचा दाखला फाडावा तसा हा प्रकार. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. पाठोपाठ काही दिवसांतच स्वामीजींनी अटक करवून घेतली. अंबाजोगाईचा मुख्याध्यापक वर्षाच्या आतच कैदी झाला.

त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचा सत्याग्रहही सुरू होता. दुसऱ्या बाजूला मजलिस इत्तेहादुल मुसलमीनचा जोर बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली वाढत होता. स्टेट काँग्रेसचा लढा धर्माच्या भांडणात मिसळून जाईल अशी भीती निर्माण झाली. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ अखेर सत्याग्रह थांबवण्यात आला. तुरुंगात बसलेल्यांना हे किती कडू लागले असेल, त्याची कल्पना करता येते. परंतु स्वामीजींनी ही भूमिका शेवटपर्यंत धरून ठेवली. लढा राज्यपद्धतीशी आहे, शेजाऱ्याशी नाही. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे एकाच गल्लीत दर्गा आणि देऊळ असते, तेथे हे सांगणे सोपे नव्हते. पुढच्या दहा वर्षांत ते अधिकच अवघड झाले.

आता येते ती खोट्या नाण्याची गोष्ट. निजाम सरकारने १९३७ मध्ये अय्यंगार समिती नेमली होती. तिच्या शिफारशींवरून जुलै १९३९ मध्ये राजकीय सुधारणा जाहीर झाल्या. विधानसभा ८५ सदस्यांची. त्यांतले ४२ निवडून येणार, उरलेले ४३ नेमलेले. म्हणजे सारे निवडून आलेले एक झाले तरी एकाने कमीच. शिवाय मतदारसंघ गावाचे किंवा तालुक्याचे नव्हते, धंद्याचे होते. जहागीरदारांचे वेगळे, पट्टेदारांचे वेगळे, कुळांचे वेगळे. व्यापार आणि बँकिंग, वकील, डॉक्टर, पदवीधर यांचे आपापले. हिंदू आणि मुसलमान सदस्यांची संख्या समसमान.

मी या तपशिलाशी नेहमी थांबतो. मी त्या काळात बँकेचा अधिकारी असतो तर कदाचित मला मत मिळाले असते. माझ्या शाखेचा शिपाई, जो सकाळी सगळ्यांआधी येऊन कुलूप उघडत असे, त्याला मिळाले नसते. आम्ही दोघे एकाच गावचे, एकाच रस्त्याने जाणारे, एकाच विहिरीचे पाणी पिणारे. पण राज्याच्या लेखी मी माणूस आणि तो मोजदादीबाहेर. या योजनेचा पुरस्कार करणारेही शहाणे लोक होते. त्यांचे म्हणणे असे की, धंद्याने वाटणी केली की धर्माची आणि जातीची भांडणे मागे पडतील. दिसायला हा युक्तिवाद चांगला आहे. पण ज्याच्या हाताला नेमका धंदा नाही, ज्याच्या नावावर पट्टा नाही, जी घरातच राबते, तिचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

स्टेट काँग्रेसच्या मंडळींना या सुधारणा मान्य झाल्या नाहीत. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि योजना बाजूला पडली. स्वामीजी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंगात गेले, १९४२ मध्ये पुन्हा. बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. आणि तेव्हा सरकारने जुनीच योजना, सदस्यसंख्या १३२ पर्यंत वाढवून, पुन्हा पुढे केली. निवडणूक लढवायची की नाही, हा प्रश्न आता कागदावरचा राहिला नव्हता.

पक्षात दोन मते होती. मवाळ म्हणवणाऱ्यांना वाटे की मिळते ते घ्यावे, सभागृहात शिरावे आणि आतून झगडावे. त्यांचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते. इंग्रजी हद्दीत काँग्रेसने १९३७ मध्ये हेच केले होते. स्वामीजींचे मत उलट होते. अर्धवट मत स्वीकारले की पूर्ण मताची मागणी ढिली पडते, आणि एकदा आपण त्या सभागृहात बसलो की त्या सभागृहाला आपणच खरेपणा देतो. त्याच वर्षी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी लढत झाली. एका बाजूला स्वामीजी, दुसऱ्या बाजूला बुरगुल रामकृष्णराव, जे पुढे हैदराबादचे मुख्यमंत्री झाले. स्वामीजी निसटत्या मताधिक्याने निवडून आले. स्टेट काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार टाकला.

हा निर्णय बरोबर होता का? या प्रश्नाचे उत्तर मी वाचकांवर ढकलणार नाही. त्याची किंमत मोठी पडली, हे कबूल केले पाहिजे. सभागृह इतरांच्या हाती गेले आणि पुढची दोन वर्षे संस्थानात जो हिंसाचार माजला, त्यात समजुतीने बोलणाऱ्यांना बसायला एकही जागा उरली नव्हती. तरीही मला स्वामीजींची बाजू बरोबर वाटते. कारण १९३९ ची योजना एकदा रुजली असती, तर आष्टीच्या त्या शेतकऱ्याला मत मिळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. खोटी नोट ओळखूनही जो रोखपाल ती पुढे चालवतो, तो खऱ्या नोटेचीही पत घालवतो. एवढे मला माझ्या नोकरीने शिकवले आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी विलीनीकरण दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला देशभर रोषणाई होत असताना हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. मधल्या थोड्या सुटकेनंतर जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हद्दीत शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतर स्वामीजी बाहेर आले. सुटका झाली तरी साऱ्यांचेच दुःख संपले नाही. त्या दिवसांत आपल्या भागातल्या मुसलमान वस्त्यांनी जे भोगले, तेही या कथेचाच भाग आहे, आणि १७ सप्टेंबरच्या भाषणांत ते क्वचितच येते.

मग १९५२ साल उजाडले. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत. धंदा विचारायचा नाही, पट्टा विचारायचा नाही, सही येते की नाही तेही विचारायचे नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. आष्टीच्या काकांनी मला सांगितले होते की, त्यांचे वडील त्या दिवशी नवे धोतर नेसून गेले आणि परत आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

या निवडणुकीत स्वामीजी काँग्रेसतर्फे उभे राहिले. ते लोकसभेवर निवडून गेले ते मात्र गुलबर्ग्यातून, कानडी मुलखातून. आणि बीड? जेथे त्यांनी तीन वर्षे मुलांना शिकवले, जेथून ते राजकारणात गेले, त्या बीडने त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराला पाडले. बीडमधून निवडून आले रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजे आपल्या परिसरात सर्वांना ठाऊक असलेले बाबासाहेब परांजपे. पक्ष पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट, डाव्यांची आघाडी. परांजपे हे मुक्तिलढ्यातले स्वामीजींचे जवळचे सहकारी. तुरुंगात एकत्र गेलेली माणसे स्वातंत्र्यानंतर विचाराने वेगळी झाली होती. हैदराबाद विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या; फ्रंटला ४२.

वरवर पाहिले तर हा स्वामीजींचा पराभव म्हणावा लागेल. मला तो तसा कधीच वाटला नाही. ज्या मास्तराने विद्यार्थ्याला स्वतःच्या डोक्याने गणित सोडवायला शिकवले, त्या विद्यार्थ्याचे उत्तर मास्तरांच्या उत्तराहून वेगळे आले, तर शिकवणी वाया गेली असे कोण म्हणेल? मत देण्याचा अधिकार म्हणजे ज्याने तो मिळवून दिला त्यालाही नाकारण्याचा अधिकार. आणि बीडने पुढेही ही सवय सोडली नाही. १९५७ ला काँग्रेस आणि १९६७ ला कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, तेही सातारकडचे, बीडचेच खासदार म्हणून दिल्लीला गेले.

स्वामीजी १९५७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधून दुसऱ्यांदा लोकसभेत गेले. त्याआधीच त्यांचे आणखी एक काम पुरे झाले होते. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग व्हावेत आणि मराठवाडा मराठी राज्यात जावा, यासाठी त्यांनी आग्रह धरला. स्वतःच्या पक्षाचा बालेकिल्ला असलेले राज्यच मोडून टाकायला सांगणारा नेता विरळा. १९५६ मध्ये ते राज्य संपले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परतूरच्या मांडवात जे सुरू झाले, ते येथे येऊन थांबले. हळूहळू स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणातून दूर झाले. मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही. लढ्याच्या आठवणी लिहिल्या, शिक्षणसंस्थांकडे लक्ष दिले, आणि २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे देह ठेवला.

आता निवडणुका इतक्या होतात की मतदानाचा दिवस अनेकांना सुट्टीचा दिवस वाटतो. बोटाला शाई लागण्याआधीच कुणीतरी हिशेब चुकता केलेला असतो, असेही आपण ऐकतो, आणि ऐकून हसतो. मला अशा वेळी ते नवे धोतर आठवते. वडिलांच्या आणि मामांच्या मतांत पंधरा वर्षांचे अंतर पडले होते. ते बैलगाडीने कापता येण्यासारखे नव्हते. ते कापायला एका मुख्याध्यापकाला शाळा सोडून तुरुंगात जावे लागले, आणि पुढे आलेली पेटी रिकामी ठेवून खऱ्या पेटीची वाट पाहावी लागली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यातली रांग रोजच लागते. केसपेपर काढणारा माणूस नाव, वय, गाव एवढेच विचारतो. तो जहागीरदार आहे की कूळ, शिकलेला आहे की अडाणी, हे विचारत नाही. जो आधी आला तो आधी. त्या तीन अक्षरांच्या पाटीखाली अशी रांग लागावी, हे मला फार योग्य वाटते.